वूफरवाला टॉवर विकायचा आहे? आधी डबा उलटा करा आणि मागचं लेबल वाचा



सणासुदीचा माल कसा भरायचा हा विषय निघाला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "सर, होम थिएटर ठेवू का? वूफरवाले टॉवर ठेवू का? मार्जिन बरं आहे म्हणतात." मार्जिन बरं आहे, हे खरं. पण याच वस्तूने माझ्या पहिल्या दिवाळीची वाट लावली होती. म्हणून आज फक्त एवढाच विषय घेऊ: ज्या स्पीकरमध्ये वूफर आणि त्याचा अॅम्प्लिफायर आतच बसवलेला असतो, तो नेमका कसा चालतो, तो विकताना दुकानदार कुठे फसतो आणि गिऱ्हाईक कुठे फसतं.

आधी माझा हिशोब सांगतो, मग तांत्रिक भाग. हिशोब कळला की तांत्रिक भाग कंटाळवाणा वाटणार नाही.

पहिल्या दिवाळीचा हिशोब

बीबीए करून मी केनवडला दुकान टाकलं, तेव्हा मोबाईल, चार्जर, डिशचे रिमोट एवढाच माल होता. आपला रिसोड तालुका सोयाबीनचा. सोयाबीन विकलं की दिवाळीच्या तोंडावर घरात पैसा येतो आणि लोक एखादी मोठी वस्तू घेतात. म्हटलं, आपणही मोठी वस्तू ठेवू. आईच्या बचत गटातून थोडे पैसे उचलले, थोडे माझे घातले आणि एका होलसेलवाल्याकडून बारा टॉवर सेट आणले. एक सेट ३,४०० रुपयांना. एकूण ४०,८०० रुपये.

डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं होतं, '८००० वॅट पीएमपीओ'. मी तेच वाचून विकले. ४,२०० ला एक, म्हणजे सेटमागे ८०० रुपये. दिवाळीपर्यंत नऊ गेले. ७,२०० रुपये कमावले म्हणून मी खुशीत होतो.

दीड महिन्यात चार परत आले. दोघांचे बोर्ड जळाले होते, ते प्रत्येकी ६०० रुपये घालून बदलून दिले. दोघांना पूर्ण पैसे परत द्यावे लागले, ८,४०० रुपये. तीन सेट विकलेच गेले नव्हते. आता बेरीज करा. खिशातून गेले ४०,८००. हातात राहिले २८,२००. आणि दुकानाच्या मागच्या खोलीत पाच डबे.

पण पैशापेक्षा एक गोष्ट जास्त लागली. परत देणाऱ्यांत शेजारच्या गावचे एक माळकरी काका होते. गुडघ्यामुळे देवळात जाणं होत नव्हतं, म्हणून घरीच हरिपाठ आणि भजन ऐकायला त्यांनी सेट घेतला होता. ते भांडले नाहीत. डबा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "काहून भाऊ, आवाज तं लय मोठा हाय, पण बुवा काय म्हणते तेच समजत नाही. नुसतं धम धम होते." माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मी विकलेली वस्तू मलाच कळलेली नव्हती. पैसे घेऊन ते गेले आणि वर्षभर माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

नंतर रिसोडच्या एका जुन्या मेकॅनिक दादांकडे बसून मी तो डबा उघडला. पुढे जे सांगतो आहे, त्याची सुरुवात तिथून झाली.

वूफरला स्वतःचा अॅम्प्लिफायर का लागतो?

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात हवा किती वेळा हलली तो आकडा. ढोलकीची धुम, पखवाजाची डावी बाजू, सिनेमातला स्फोट हे सगळं खालच्या टोकाला, साधारण २०० हर्ट्झच्या खाली असतं. यालाच आपण बेस म्हणतो आणि तो वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरला वूफर.

बेस वाजवायला हवा जास्त ढकलावी लागते. किती जास्त? समजा ८० हर्ट्झचा आवाज चालू आहे आणि तुम्हाला तेवढ्याच जोराने ४० हर्ट्झ वाजवायचा आहे. तर त्याच कोनला चौपट हवा हलवावी लागते. दुप्पट नाही, चौपट. म्हणून बेससाठी मोठा कोन, जास्त पुढेमागे होणारी कॉइल आणि जास्त वॅट लागतात.

अमेरिकेत १९५७ साली केएलएच नावाची स्पीकर कंपनी सुरू झाली. त्यातला 'एच' म्हणजे जोसेफ अँटन हॉफमन. त्यांच्या नावाने स्पीकरच्या धंद्यात एक नियम ओळखला जातो. मी तो वर्गात असा सांगतो: लहान डबा, खोल बेस आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, या तीन गोष्टींपैकी दोनच मिळतात. तिसरी सोडावी लागते.

लोकांना डबा लहान पाहिजे, कारण घरात टीव्ही, दिवाण, कपाट सगळं आहे. बेसही पाहिजे. मग सोडायचं काय? कमी वॅट. म्हणजे वॅट जास्त घालावे लागणार. हीच आतल्या अॅम्प्लिफायरची गोष्ट. डबा लहान ठेवून आत वूफरसाठी वेगळा अॅम्प्लिफायर बसवायचा, त्यातच खालचे सूर थोडे वाढवायचे आणि वरचे सूर कापायचे. अमेरिकेतल्या डेफिनिटिव्ह टेक्नॉलॉजीसारख्या कंपन्यांनी १९९० च्या दशकात असे उभे टॉवर बाजारात आणले. गाण्याचा आवाज घरच्या अॅम्प्लिफायरवर आणि बेस टॉवरच्या पोटातल्या अॅम्प्लिफायरवर. ते महागडे होते. आपल्याकडे आज मिळतो तो त्याचाच साधा, स्वस्त भाऊबंद. फरक एवढाच की आपल्या स्वस्त टॉवरमध्ये सगळ्याच स्पीकरचे अॅम्प्लिफायर आत असतात.

हे स्वस्त झालं त्याला आणखी एक कारण आहे. जुना अॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेतला बराच भाग उष्णतेत घालवतो, म्हणून त्याला मोठी हीटसिंक लागते. नवा 'क्लास डी' अॅम्प्लिफायर ९० टक्क्यांच्या आसपास वीज आवाजासाठी वापरू शकतो. कमी तापतो, म्हणून बंद डब्यात बसतो.

बाजारात काय काय मिळतं

आपल्या गावात या सगळ्याला सरसकट 'होम थिएटर' म्हणतात. दुकानदाराने मात्र फरक ओळखला पाहिजे.

१. टू पॉइंट वन सेट: एक वूफरचा डबा, दोन छोटे स्पीकर. अॅम्प्लिफायर वूफरच्या डब्यात. वूफर कुठेही सरकवता येतो, हा मोठा फायदा. तोटा असा की छोटे स्पीकर फारच छोटे असतात.

२. वूफर आत असलेला टॉवर: दोन उभे खांब. बहुतेक वेळा एकात सगळं सर्किट आणि दुसरा वायरने जोडलेला. दिसायला भारी, जागा कमी लागते. पण वूफर टॉवरमध्येच अडकलेला असल्यामुळे जिथे टॉवर, तिथेच बेस. वेगळा सरकवता येत नाही.

३. साउंडबार आणि सोबत वूफर: टीव्हीखाली पट्टी आणि बाजूला वूफरचा डबा. बातम्या, मालिका बघणाऱ्या घराला चांगला.

४. साधा टॉवर आणि वेगळा अॅम्प्लिफायर: जुनी पद्धत. दोन वस्तू घ्याव्या लागतात, पण अॅम्प्लिफायर बिघडला तर टॉवर वाचतो.

५. ट्रॉलीवाला पार्टी स्पीकर: बॅटरी, माइक, लाइट. हा घरात बसून ऐकायचा माल नाही. वाढदिवस, हळद यासाठी ठीक.

गिऱ्हाईक "मोठा आवाज पाहिजे" म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारा, "काय ऐकता?" दुसरा, "खोली केवढी, वर पत्रा की स्लॅब?" किंमत त्यानंतर सांगा.

आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता मुद्द्याची गोष्ट. डब्यावरचा वॅट.

पीएमपीओ म्हणजे 'पीक म्युझिक पॉवर आउटपुट'. हा आकडा कसा मोजायचा, याचं कोणतंही ठरलेलं माप नाही. सेकंदाच्या अगदी लहानशा भागात काय निघू शकेल याचा अंदाज घ्यायचा, सगळ्या स्पीकरची बेरीज करायची, वर मनाला येईल तेवढं वाढवायचं, असा तो प्रकार. म्हणून या आकड्यावरून दोन सेटची तुलना करू नका.

कामाचा आकडा म्हणजे आरएमएस वॅट, जो सेट सतत देऊ शकतो. तिथेही एक बारीक अट असते, किती डिस्टॉर्शनला मोजला. अनेक स्वस्त सेटचा आकडा १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला असतो, म्हणजे आवाज फाटायला लागल्यावरचा.

दादांनी माझा '८००० वॅट'चा टॉवर उघडला, तर आत ४४४० चे दोन बोर्ड निघाले. रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या कुणालाही ही आयसी माहीत असते. सान्यो कंपनीची एलए ४४४०. कंपनीच्याच कागदावर तिची ताकद लिहिलेली आहे: दोन चॅनेलला ६-६ वॅट, आणि ब्रिज करून जोडली तर १९ वॅट. माझ्या सेटमध्ये एक बोर्ड दोन छोट्या स्पीकरला, दुसरा ब्रिज करून वूफरला. ६ अधिक ६ अधिक १९, एकूण ३१ वॅट. तेही १० टक्के डिस्टॉर्शनला. ८००० कुठे आणि ३१ कुठे!

तुम्हाला डबा उघडायची गरज नाही. उलटा करा आणि मागचं लेबल वाचा. सेट अॅडॉप्टरवर चालत असेल तर अॅडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, त्यांचा गुणाकार करा. १२ व्होल्ट, २ अँपिअर म्हणजे २४ वॅट. थेट लाइटवर चालत असेल तर 'इनपुट ४५ वॅट' असं काहीतरी असतं. जेवढी वीज आत जाते, त्यापेक्षा जास्त सतत बाहेर येऊच शकत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? गाण्यातला एखादा ठोका आतल्या कपॅसिटरच्या साठ्यावर क्षणभर मोठा निघतो, ते खरं. पण तो साठा काही ८००० वॅटचा नसतो.

आणि मित्रांनो, ३१ वॅट म्हणजे वाईट असंही समजू नका. दहा बाय बाराच्या खोलीला चांगल्या स्पीकरवर ३१ वॅट भरपूर होतात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल एवढा. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. याउलट स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८४ च्या जागी ९० डेसिबल असेल, तर तोच आवाज एक चतुर्थांश वॅटमध्ये मिळतो. म्हणून ४० वॅटचा चांगला स्पीकर ८० वॅटच्या हलक्या स्पीकरपेक्षा मोठा आणि स्वच्छ वाजू शकतो. माझी चूक ३१ वॅटचा सेट विकण्यात नव्हती. ३१ ला ८००० म्हणून विकण्यात होती.

काकांचा हरिपाठ का ऐकू येत नव्हता?

इथे दोन कारणं होती, आणि दोन्ही तुम्हाला रोज भेटतील.

पहिलं कारण क्रॉसओव्हर. कुठल्या हर्ट्झच्या खालचा आवाज वूफरला द्यायचा आणि वरचा कुणाला, ती वाटणी म्हणजे क्रॉसओव्हर. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, म्हणून चांगल्या सेटमध्ये वाटणी त्या आसपास करतात. पण छोटे स्पीकर अडीच-तीन इंचांचे असले की त्यांना खालचं काहीच जमत नाही. मग ही वाटणी १५०, २०० हर्ट्झवर न्यावी लागते. पुरुषाच्या आवाजाचा खालचा भाग तिथेच असतो. तो वूफरमधून जाड होऊन येतो, वरचा भाग छोट्या स्पीकरमधून बारीक होऊन येतो, आणि शब्द मधल्या मध्ये हरवतो. बुवांचं तेच झालं होतं.

दुसरं कारण खोली. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे २८ फूट लांब असते. आपली खोली १० बाय १२. लाट भिंतीवर आदळून परत फिरते आणि काही सूर खोलीत घुमायला लागतात. १२ फुटांच्या अंतराला साधारण ४७ हर्ट्झ, १० फुटांच्या अंतराला ५६. वूफर कोपऱ्यात ठेवला तर तीन बाजूंनी भिंत आणि जमीन मिळते, घुमणं आणखी वाढतं. काकांनी टॉवर नेमका कोपऱ्यात ठेवला होता, आणि वर पत्रा. पत्रा स्वतःच वाजत होता.

उपाय फुकट आहेत:

- टॉवर कोपऱ्यातून काढा, भिंतीपासून एक-दीड फूट पुढे घ्या.
- बेसचं बटण निम्म्यावर आणा. बहुतेक लोक ते शेवटपर्यंत फिरवून ठेवतात.
- वूफर वेगळा असेल तर एक युक्ती करा. बसायच्या जागेवर वूफर ठेवा, गाणं लावा आणि स्वतः खोलीत खाली वाकून फिरा. जिथे बेस स्वच्छ ऐकू येईल, तिथे वूफर नेऊन ठेवा.
- मागे 'फेज' असं छोटं बटण असेल तर दोन्हीकडे करून ऐका. ज्या बाजूला बेस भरीव वाटेल, ती बाजू ठेवा.
- सतरंजी, गोधडी, पडदा असं काही खोलीत असू द्या. त्याने वरच्या सुरांचा खणखणाट कमी होतो आणि शब्द सुटा ऐकू येतो. बेसला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, तिथे जागाच बदलावी लागते.

या गोष्टी मला तेव्हा माहीत असत्या, तर काकांच्या घरी अर्धा तास जाऊन तो सेट बऱ्यापैकी ऐकण्याजोगा झाला असता. ४,२०० रुपये वाचले असते आणि काकाही.

गावात सेट कशाने बिघडतात

दादांनी सांगितलेलं आणि नंतर मी स्वतः पाहिलेलं लिहितो.

*व्होल्टेज.* आपल्याकडे सिंगल फेज २३० व्होल्ट म्हणतात, पण संध्याकाळी ते वर-खाली होतं. स्वस्त सेटला स्वतःचं संरक्षण नसतं. टीव्हीला स्टॅबिलायझर असेल तर सेटही त्याच्यावरच लावायला सांगा.

*गुणगुण.* गाणं बंद असतानाही "घूंऽऽ" असा आवाज येतो. आपली लाइट ५० हर्ट्झची. सप्लायचा कपॅसिटर कमजोर झाला की १०० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. कधी डिशच्या किंवा केबलच्या वायरमधून येते. ओळखायची सोपी पद्धत: सगळ्या वायरी काढा आणि फक्त पेनड्राइव्ह लावा. गुणगुण गेली तर दोष सेटमध्ये नाही, जोडणीत आहे. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवरही ट्रान्सफॉर्मरवाले सेट कुरकुरतात. ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

*जास्तीचे स्पीकर.* लोक जुना स्पीकर आणून त्याच वायरीवर जोडतात. ४ ओमवर आणखी ४ ओम जोडले की २ ओम होतात, आयसीवर लोड वाढतो आणि ती जळते. माझे दोन बोर्ड असेच गेले होते.

*उंदीर आणि झुरळं.* हसू नका. वूफरच्या डब्याला हवा खेळायला गोल भोक असतं. रात्री तिथून उंदीर आत जातो, कोन कुरतडतो, वायर तोडतो. भोकाला आतून बारीक जाळी लावून द्या. वीस रुपयांचं काम आहे, पण गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नाव काढतं.

आता टॉवरचा मोठा धोका. अॅम्प्लिफायर आतच असल्यामुळे बोर्ड गेला की पूर्ण टॉवर मुका. म्हणून माल घेताना होलसेलवाल्याला विचारा, "बोर्ड सुटा मिळेल का? केवढ्याला? किती दिवसांत?" उत्तर टाळलं तर माल घेऊ नका. साध्या आयसी, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळून जातात. पण त्या मॉडेलसाठीच बनवलेला रिमोट-ब्लूटूथवाला बोर्ड कंपनीशिवाय मिळत नाही, आणि बहुतेक वेळा तोच जातो.

माल भरताना हा हिशोब करा

उदाहरण घ्या. दहा सेट, प्रत्येकी ३,००० रुपये. तुमचे ३०,००० अडकले. सेटमागे ५०० सुटले तर दहाचे ५,०००. आता दोन सेटचे पैसे परत द्यावे लागले, तर ७,००० गेले. म्हणजे दोन खराब सेट दहा सेटचा नफा खाऊन वर तुमच्या भांडवलात हात घालतात. या धंद्यात कमाई किती सेट विकले यावर कमी आणि किती परत आले नाहीत यावर जास्त ठरते.

म्हणून पहिल्यांदा माल भरताना:

- एका मॉडेलचे दोनच सेट घ्या. एक स्वतःच्या घरी पंधरा दिवस वाजवा.
- ब्लूटूथ स्पीकरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. सरकारने या मालाला नोंदणी सक्तीची केली आहे. 'बीआयएस केअर' अॅपवर तो क्रमांक टाकून तपासता येतो.
- पक्कं बिल घ्या आणि पक्कं बिल द्या. स्पीकरवर सध्या १८ टक्के जीएसटी आहे. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही, तो तुमच्या खरेदी किमतीतच धरा. कच्च्या बिलाचा माल दोनशे रुपयांनी स्वस्त वाटतो, पण वॉरंटीच्या वेळी कुणी फोन उचलत नाही.
- वॉरंटी कुणाची, किती महिन्यांची, त्यात काय धरलं आणि काय नाही, हे बिलावर लिहा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात विक्रेत्याचीही जबाबदारी सांगितलेली आहे. तुम्ही स्वतःहून दिलेली हमी तुमच्या अंगावर येऊ शकते. तोंडाने "काही होत नाही, बिनधास्त न्या" म्हणायची सवय सोडा.

ऑनलाइनवर तोच सेट स्वस्त दिसेल. त्याच्याशी किमतीवर लढू नका. तो सेट घरी लावून देत नाही, कोपऱ्यातून सरकवत नाही, जाळी बसवत नाही. तुमचे तीनशे रुपये त्या कामाचे आहेत, आणि ते काम खरंच करा.

डेमो कसा द्यायचा

बहुतेक दुकानात डेमो म्हणजे डीजे गाणं लावून आवाज फुल्ल. दुकान हादरलं की सेट विकला. घरी गेल्यावर तोच माणूस तीन दिवसांत कंटाळतो.

मी एक पेनड्राइव्ह ठेवला आहे, त्यात पाच गोष्टी याच क्रमाने: बातम्यांचा आवाज, हरिपाठ किंवा भजन, ढोलकीची लावणी, सिनेमातला एक प्रसंग, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या आवडीचं गाणं त्याच्याच मोबाईलवरून. आवाज निम्म्यापेक्षा कमी. बातम्यांतला शब्द स्पष्ट नसेल, तर पुढचं काही ऐकवूच नका, तो सेट घरासाठी नाही. भजनात टाळ किणकिणला पाहिजे आणि पखवाज त्याच्यावर चढायला नको. लावणीत ढोलकीचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला पाहिजे. ठोका संपल्यावरही डबा गुरगुरत राहिला, तर तो बेस नाही, डब्याचा आवाज आहे.

आणखी एक सांगत जा. बेस भिंतीतून पलीकडे जातो. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल धरली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पोलिसांचा विषय राहू द्या, शेजारच्या घरात परीक्षेचं पोरगं असतं. रात्री बेस कमी करा, एवढं म्हटलेलं गिऱ्हाइकाला आवडतं.

त्या पाच डब्यांचं काय झालं?

मी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि मार्करने प्रत्येक डब्यावर लिहिलं: "खरे वॅट ३१. लहान खोलीसाठी. कोपऱ्यात ठेवू नका. जास्तीचा स्पीकर जोडू नका." छापलेल्या ८००० वर ती पट्टी चिकटवली. न विकलेले तीन सेट २,२०० ला एक असे गेले. परत आलेले दोन 'वापरलेले' असं सांगून १,५०० ला एक. मिळाले ९,६००. शेवटी तोटा ३,००० रुपयांचा, आणि गटाचं व्याज वेगळं. ते आईने माझ्याकडून एकही महिना न चुकवता घेतलं.

त्या पाच सेटपैकी एकही परत आला नाही. माल तोच होता, आतली आयसी तीच होती. फक्त घेणाऱ्याला माहीत होतं की आपण काय घेतोय आणि ते कसं वापरायचं.

काका वर्षाने आले, नातवाच्या मोबाईलची काच बदलायला. तेव्हा काउंटरवर साउंडबार लावलेला होता. मी काही न बोलता हरिपाठ लावला, आवाज कमीच ठेवला. ते उभ्याउभ्या ऐकत राहिले, आणि मग विचारलं, "याचे खरे वॅट किती हाय?" मी डबा उलटा करून लेबल दाखवलं. त्यांनी त्या दिवशी घेतला नाही. पोराला विचारून चार दिवसांनी घेऊन गेले.

तेव्हापासून आमच्या दुकानात येणारा प्रत्येक सेट आधी उलटा होतो, लेबल वाचलं जातं, पट्टी लागते आणि मगच तो फळीवर चढतो. तुम्हीही पहिला सेट आणाल तेव्हा हेच करा. लेबल वाचून गुणाकार तुम्ही करा, गिऱ्हाइकावर सोडू नका.

पुढच्या व्हिडिओत आपण एक टॉवर प्रत्यक्ष उघडून आतला बोर्ड, ट्रान्सफॉर्मर आणि क्रॉसओव्हर बघणार आहोत. तोपर्यंत घरात जो सेट असेल तो उलटा करा, लेबलवरचा आकडा वहीत लिहा आणि त्याच्या शेजारी डब्यावरचा आकडा लिहा. दोन्हींतला फरक बघितला की आजचा धडा पाठ झालाच म्हणून समजा.

भेटू लवकरच. जय महाराष्ट्र!